गेलेच समजा

निरोप समारंभ आणि प्रत्यक्ष निघणं यांच्यात आठवडाभराची मोकळी जागा ठेवू नये, ही एक गोष्ट मला कोणीच सांगितली नाही. बाकी सगळं सांगितलं. परदेशातल्या एका शाळेने मला गणित शिकवायला बोलावलंय ही बातमी इमारतीत फुटल्यापासून जिन्यात, लिफ्टमध्ये, दुकानाच्या पायरीवर मला सल्ले मिळत होते. तिथे थंडी पायांकडून चढते, म्हणून मोजे दोन-दोन घालावेत. तिथली मुलं थेट डोळ्यांत बघून प्रश्न विचारतात, तर आपण घाबरू नये. विमानात कान दुखले तर जांभई द्यावी, आणि आली नाही तर आल्यासारखं करावं. समोरच्या काकू तर रोज एक ताजा सल्ला घेऊन दारात उभ्या असायच्या, कारण त्यांचा भाचा 'तिकडेच' होता. भाच्याचा देश आणि माझा देश यांच्यामध्ये एक अख्खा महासागर पसरलाय, हे मी त्यांना एकदा नकाशा काढून दाखवलं. काकूंनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"परदेश म्हणजे परदेश हो सर," त्या म्हणाल्या. "सगळीकडे तेच."

तर शनिवारी शाळेने निरोप दिला. मुख्याध्यापिकाबाई माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलल्या की हा गृहस्थ इतकी वर्षं आपल्याच शाळेत होता आणि आपल्याला कधी भेटला कसा नाही, असं मलाच वाटायला लागलं. विज्ञानाच्या सरांचे डोळे पाणावले. त्यांना सर्दी झाली होती हे नंतर कळलं, पण त्या वेळी फार परिणामकारक वाटलं. मीही उभा राहून, "या शाळेच्या भिंतींनाही मी विसरणार नाही," असं एक वाक्य टाकून दिलं. भिंतींकडे मी कधी नीट पाहिलेलं नव्हतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, सहकाऱ्यांनी मिठ्या मारल्या आणि मी मागे वळून न बघता फाटकाबाहेर पडलो. इतकं सुंदर जाणं माझ्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं. खरं म्हणजे तिथून थेट विमानातच बसायला हवं होतं. पण विमान पुढच्या रविवारी होतं.

घरी येऊन बघतो तर तिथे माझं जाणं माझ्या आधीच उरकलेलं. करार दोन वर्षांचा. बायकोची इस्पितळातल्या औषध विभागातली नोकरी, लेकीची शाळा, आईचं वय, त्यामुळे मी एकट्याने जायचं आणि सुट्ट्यांमध्ये यायचं असं ठरलं होतं. पण घराने ते जरा जास्तच मनावर घेतलं. खिडकीजवळचा जो कोपरा पेपर तपासायचा म्हणून माझा होता, तिथे लेकीचं नवं टेबल येऊन बसलं होतं. माझी खुर्ची गॅलरीत कुंड्यांच्या सोबतीला गेली होती.

"अगं, मी अजून आहे," मी म्हणालो.

"हो बाबा, पण तू नसणारच आहेस ना? मी आत्तापासून सवय करून घेतेय."

कपाटात माझ्या कप्प्यात बायकोच्या चादरी रचलेल्या. माझे कपडे बॅगेत आणि बॅग हॉलमध्ये. सकाळी बनियन हवं असेल तर मला हॉलमध्ये जाऊन प्रवाशासारखी बॅग उघडावी लागायची.

आई या सगळ्यात एक अक्षर बोलली नाही. म्हणजे बोलत होती, भरपूर बोलत होती, पण माझ्या जाण्याबद्दल नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून बोलली. दिवा चालू ठेवला म्हणून बोलली. चपला वाकड्या काढल्या म्हणून बोलली. एवढ्या वर्षांत माझ्या ज्या सवयींकडे तिने दुर्लक्ष केलं होतं, त्या सगळ्यांचा हिशेब त्या आठवड्यात चुकता होत होता. आणि तिने मला स्वयंपाक शिकवायला घेतला.

"साधा भात येत नाही तुला. तिथे काय खाणार आहेस, खडू?"

मी अनेक वर्गांना शिकवलंय, पण इतका ढ विद्यार्थी माझ्याही वाट्याला कधी आला नव्हता. चहा उतू घालवला, अंडं कच्चं काढलं, बटाटे उकडायला ठेवून पाणी घालायला विसरलो. आई दर वेळी कपाळावर हात मारून म्हणायची, "पुन्हा कर."

रविवारी मेहुणे आले. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. बॅगेचं वजन करायला ते सोबत आकड्याचा ताणकाटा घेऊन आले होते. काटा त्यांनी पडद्याच्या दांडीला अडकवला आणि काट्याला बॅग. बॅगेचं वजन कळलं नाही, पण दांडीची ताकद कळली. भिंतीचा टवका, दांडी, पडदे, काटा आणि बॅग असा सगळा संसार खाली आला. मेहुणे जराही डगमगले नाहीत. त्यांनी मला बॅग उचलून वजनकाट्यावर उभं केलं, आकडा वाचला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून समजावून सांगितलं, "आता भावोजी, यातून तुमचं वजन वजा करायचं." मी निम्मं आयुष्य वजाबाकी शिकवण्यात घालवलंय. पण हातात बॅग घेऊन माणसाला स्वाभिमान दाखवता येत नाही. मी मान डोलावली.

सोमवारी खरा गोंधळ सुरू झाला, आणि त्याचीही सुरुवात मेहुण्यांपासूनच. तिकडच्या शाळेने माझ्याकडून पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला होता. अर्ज केव्हाच दिला होता. फक्त चौकीतून हवालदार घरी येऊन मी खरोखर इथे राहतो की नाही हे बघून जाणार होते. ते सोमवारी येतील असा निरोप होता. बायकोने कामावर जाताना बजावलं, "अहो, आज घरातून हलायचं नाही."

मी हलणारच नव्हतो. पण मेहुणे परदेशी प्लगचा जोड घेऊन आले. तिकडच्या भिंतीतली भोकं वेगळी असतात, तेव्हा हा जोड इथे एकदा लावून बघितलेला बरा, असं त्यांचं म्हणणं. इथल्या भिंतीत तो लागत नव्हता, आणि लागणार नव्हता, कारण तो इथल्यासाठी केलेलाच नव्हता. मेहुण्यांनी तो लावला. एक निळी ठिणगी उडाली, फट् असा आवाज झाला आणि निम्मं घर बंद पडलं. "फ्यूज," मेहुणे अधिकाराने म्हणाले आणि तार आणायला निघून गेले. ते त्या दिवशी परत आले नाहीत.

तेवढ्यात फोटोवाल्याचा फोन आला की, सर, तुमचे फोटो पुन्हा काढावे लागतील, व्हिसाला कान दिसावे लागतात. दुकान कोपऱ्यावरच. पाच मिनिटांचं काम म्हणून मी उतरलो. माझे कान जन्मापासून डोक्याला चिकटून आहेत. फोटोवाल्याने मला डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, केस मागे सारायला लावले, आणि शेवटी हताश होऊन म्हणाला, "सर, जरा कान टवकारता येतील का?" मी प्रयत्न केला. त्या फोटोत मी आश्चर्याचा धक्का बसल्यासारखा दिसतो, आणि अजूनही माझ्या सगळ्या कागदपत्रांवर तोच चेहरा आहे.

मी कान टवकारत बसलो होतो तेव्हा इकडे हवालदार येऊन गेले. फ्यूज उडालेला, त्यामुळे बेल मुकी. आई मागच्या खोलीत पडलेली. हवालदारांनी दोन-तीनदा बटण दाबलं, कोणी येत नाही म्हटल्यावर ते खाली उतरले आणि तळमजल्यावर कॅप्टनना भेटले.

कॅप्टन हे ना जहाजावर होते ना सैन्यात. इमारतीत कोणाचीही गाडी मागे घ्यायची असली की हे घरातून धावत येतात, हात उंचावून "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" करतात, म्हणून कॅप्टन. त्यांच्या "बस्स"नंतर बहुतेक गाड्या भिंतीला लागलेल्या असतात. मनाने मात्र लाख माणूस. माझ्या नोकरीचा आनंद माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त झाला होता.

मी परत आलो तर ते फाटकातच उभे. "सर, तुमचं काम करून टाकलं!" ते म्हणाले. "पोलीस आले होते. विचारलं, सर इथे राहतात का? म्हटलं, सर? अहो, सर परदेशात गेलेच समजा!"

"गेलेच समजा, असं म्हणालात?"

"मग! चांगलं छाती फुगवून म्हणालो."

हवालदार सरळ मनाचे असावेत. त्यांनी तसं समजून घेतलं, आणि लिहूनही घेतलं.

मंगळवारी मी पोलिसांच्या दाखले देणाऱ्या कार्यालयात गेलो. खिडकीमागे चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझी फाइल उघडली, वाचली आणि मिटली.

"तुम्ही इथे राहत नाही."

"मी इथेच राहतो, बाई."

"इथे लिहिलंय, अर्जदार परदेशी गेले."

"पण मी तुमच्यासमोर उभा आहे!"

बाईंनी मला चष्म्यावरून नीट पाहून घेतलं. "उभे आहात," त्या म्हणाल्या. "राहत नाही."

मी आयुष्यभर मुलांच्या सिद्धतांमधल्या चुका काढत आलोय. त्या वाक्यात मला एकही चूक सापडली नाही. गेलेल्या माणसाने अर्ज करायचा कसा, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, जिथे गेलात तिथून करा. तिथे जायलाच हा दाखला लागतो म्हटलं, तर म्हणाल्या, मग जाऊ नका. जाणार नसेन तर मी इथेच राहतो असा त्याचा अर्थ होतो ना, असं मी म्हटल्यावर मात्र बाई क्षणभर थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला प्रथमच थोडा आदर दिसला.

"तसं लेखी आणा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठे काम करता? शाळा? मग शाळेकडून आणा, की तुम्ही इथे हजर आहात म्हणून."

अशा रीतीने बुधवारी मी त्याच फाटकासमोर उभा राहिलो, ज्यातून मी शनिवारी मागे वळून न बघता बाहेर पडलो होतो.

पहारेकऱ्याने मला ओळखलं, मनापासून हसला आणि पाहुण्यांची वही पुढे केली. "नाव आणि काम लिहा सर. बाहेरच्या माणसाला लिहावंच लागतं." काय काम लिहावं मला सुचेना. शेवटी "भेट" असं लिहिलं. मैदानावरची पोरं मला बघून धावत आली. "सर, आलात पण परत? कसं होतं तिकडे?" एकाने तर मी थकलेला दिसतोय म्हणून पाणी विचारलं. विज्ञानाचे सर कोपऱ्यात भेटले. सर्दी बरी झाली होती. "अरे, तू अजून इथेच?" ते म्हणाले. त्या प्रश्नात गहिवर म्हणून नव्हता. मला वाटलं, शनिवारची मिठी ते परत मागतात की काय!

माझ्या वर्गावरून जाताना मी सहज आत डोकावलो. सहज म्हणजे, त्यासाठी मला दोन जिने जास्त चढावे लागले. माझ्या जागी एक तरुण बाई त्रिकोणमिती शिकवत होत्या आणि अख्खा वर्ग हसत होता. त्रिकोणमितीत हसण्यासारखं काही असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला बघून त्या लगबगीने दारात आल्या आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "काही विसरलात का, सर?" नाही म्हणालो. काय म्हणणार?

कार्यालयात लेखनिक म्हणाले, "हजर असल्याचं कसं लिहून देऊ, सर? तुम्ही शनिवारीच कार्यमुक्त झालात. मी स्वतः टाळ्या वाजवल्यात."

म्हणजे पोलिसांच्या मते मी गेलो होतो, शाळेच्या मते मी गेलो होतो, माझ्या खुर्चीच्या आणि कपाटाच्या मतेही गेलो होतो. एकटा मीच काय तो मागासलेला, अजून इथे रेंगाळत होतो. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्याच्या कडेकडेने चाललो. ओळखीचं माणूस दिसलं की दुकानात शिरायचो. अशा रीतीने मी गरज नसताना बुटाची नाडी, टॉर्च आणि एक फनेल विकत घेतलं.

जेवताना मी सगळं सांगितलं तेव्हा लेक हसून हसून ठसकली. बायकोने फनेल हातात धरून, "हे तिकडे नेणार आहात?" एवढंच विचारलं. आई म्हणाली, "मग नाही गेला तर नाही गेला. त्यात काय!" आणि कोणी काही बोलायच्या आत, "मीठ पुढे कर," म्हणाली.

गुरुवारी कॅप्टन स्वतः पुढे झाले. ज्या तोंडाने बिघडवलं त्याच तोंडाने निस्तरतो, असं म्हणून ते माझ्याबरोबर चौकीत आले. जाताना इस्त्रीचा शर्ट घातला होता. हवालदार भले माणूस निघाले. मिशीवरून हात फिरवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कॅप्टनना विचारलं, "बरं, यांची वागणूक कशी आहे?"

"सोन्यासारखा माणूस, साहेब! कधी आवाज चढवून बोलणार नाही." मी समाधानाने जमिनीकडे बघितलं. कॅप्टनना खरं बोलायची फार खोड. "म्हणजे एकदा चढवला होता," ते म्हणाले. "माझ्यावरच. स्कूटर लावण्यावरून."

"भांडण?" हवालदारांनी पेन उचललं.

"छे छे, भांडण कुठलं! नुसता अबोला. पावसाळाभर."

मी कॅप्टनच्या पायावर पाय दिला. "बघा," कॅप्टन कौतुकाने म्हणाले, "आताही पाय दिला, पण तोंडातून शब्द नाही. असा शांत आहे."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "असं करू," ते म्हणाले. "उद्या मी परत येतो. स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि लिहितो. तुम्ही घरी राहा." मग जरा विचार करून म्हणाले, "आणि राहता असं दिसू द्या."

हे वाक्य मी घरी जसंच्या तसं सांगितलं, ही माझी चूक. बायकोने शुक्रवारी रजा टाकली आणि पोलीस येणार म्हणून पहाटेपासून घर आवरायला घेतलं. दिसेल ती वस्तू उचलली. माझी वर्तमानपत्रं रद्दीत गेली. दाढीचं सामान बॅगेत गेलं. चपला आत गेल्या. दारावरची नावाची पाटी लख्ख करायची म्हणून काढली आणि घासून स्वयंपाकघरात वाळत ठेवली. तिचं काम संपलं तेव्हा घर एखाद्या जाहिरातीतल्यासारखं दिसत होतं, आणि त्यात मी राहतो याचा एकही पुरावा शिल्लक नव्हता. उलट हॉलच्या मधोमध भरलेली, बांधलेली बॅग उभी. कोणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, पाहुणे निघालेत वाटतं.

"निदान खुर्ची तरी आत आणा," मी म्हणालो.

"पसारा दिसेल," बायको म्हणाली.

आणि नेमक्या याच दिवशी आईने माझी भाताची शेवटची परीक्षा ठेवली. कोणी मदत करायची नाही, कोणी बोलायचं नाही. मी ओट्याशी, आई स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून. मी तांदूळ धुतले. एकट्याला किती लागतील याचा अंदाज येईना. कमी पडू नयेत म्हणून जरा जास्त घातले, आणि पाणी कमी पडू नये म्हणून तेही जास्त. कुकर गळ्यापर्यंत भरला. आईच्या तोंडाची हालचाल झाली, पण नियम तिचाच होता, म्हणून ती गप्प राहिली. मी झाकण लावलं आणि शिट्टीची वाट बघत, बाहेर हवालदार आले का ते बघायला गॅलरीत गेलो.

शिट्टी झाली नाही. जे झालं त्याला शिट्टी म्हणता येणार नाही. झाकणावरचं बूच उडालं आणि कुकरमधून पांढरा फवारा थेट छताला भिडला. आई आरडाओरडा करत मागे सरली, बायको आणि मी धावत आलो आणि तिने नाकाला पदर लावून गॅस बंद केला. आवाज शांत झाल्यावर आम्ही वर पाहिलं. छतावर भात होता. पंख्यावर भात होता. लख्ख घासून वाळत ठेवलेल्या माझ्या नावाच्या पाटीवर भात होता.

"लागलं का रे कुठे?" आईने विचारलं.

"नाही. तुला?"

"मला काय धाड भरलीय," आई म्हणाली.

समोरच्या काकू धावत आल्या, कॅप्टन वाळूची बादली घेऊन आले, मेहुणे कुठून उगवले देव जाणे. दार सताड उघडं. मी लेकीचं नवं टेबल स्वयंपाकघरात ओढलं, त्यावर चढलो आणि उलथण्याने छत खरवडायला लागलो. केसांत भात, चष्म्यावर भात, अंगात भोक पडलेलं बनियन. काकू खालून सांगत होत्या की भाच्याकडे तिकडे छतं उंच असतात, तेव्हा उलथणं लांब दांड्याचं घ्या. लेक ओरडत होती, "बाबा, माझं टेबल!" मेहुणे मला उलथणं कोणत्या कोनात धरावं ते समजावत होते. आणि त्या गलबल्यात दारातून आवाज आला, "घरात कोणी आहे का?"

हवालदार उभे होते. त्यांनी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून हातात घेतली.

मी टेबलावरून नमस्कार केला. उलथण्यासकट.

बायको पुढे होऊन काही बोलणार, तोच त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "कुटुंबातल्या थोरल्या माणसाला विचारावं लागतं," ते म्हणाले आणि आईकडे वळले. "मावशी, तुम्ही यांच्या आई?"

"हो."

"हे इथे राहतात का?"

आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आठवडाभर ती माझ्या टॉवेलकडे, चपलांकडे, दिव्याकडे बघत होती. माझ्याकडे बघण्याची ही तिची पहिलीच वेळ होती, हे मला त्या क्षणी कळलं.

"इथेच राहतो," ती म्हणाली. "जन्मल्यापासून माझ्याजवळ राहतो. आता दोन वर्षं दुसरीकडे असेल. कामासाठी. लोक असतातच कामासाठी कुठे कुठे. तिथे असेल, खाईल, झोपेल, पोरांना शिकवेल. पण राहतो तो इथे. लिहून घ्या तुम्ही."

हवालदार कागदाकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "मावशी, एवढं लिहायला इथे जागा नाही."

"मग जेवढी आहे तेवढ्यात लिहा."

त्यांनी एक शब्द लिहिला, खाली सही केली आणि जाताना पुन्हा एकदा छताकडे बघून म्हणाले, "तसंही, इतका पसारा पाहुणा माणूस करत नाही."

आई तोवर कुकर घासायला घेऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली होती. कुकर स्वच्छ झाला तरी ती घासत होती. बायकोने सगळ्यांना खुणेने बाहेर काढलं. मी टेबलावरून उतरलो आणि आईशेजारी जाऊन उभा राहिलो. फडकं घेतलं आणि ती धुऊन देईल ते भांडं पुसत गेलो. "कोरडं पूस," आई म्हणाली. मी कोरडं पुसलं.

शनिवारी दाखला हातात पडला. खिडकीमागच्या बाईंनी तो देताना, "शुभ प्रवास," असं म्हटलं, आणि मी जाईपर्यंत खात्री करून घेण्यासाठी माझ्याकडे बघत राहिल्या.

रविवारी दुपारी टॅक्सी आली. बायको आणि लेक विमानतळापर्यंत येणार होत्या. आई म्हणाली, गुडघे दुखतात, मी गॅलरीतूनच बघते. मी वाकून नमस्कार केला तर पाठीवर हात ठेवून, "शर्ट खोच नीट," म्हणाली. खाली अख्खी इमारत जमली होती. मिठ्या झाल्या, सल्ले झाले, काकूंनी भाच्याचा पत्ता माझ्या खिशात कोंबला. कॅप्टननी टॅक्सी मागे घ्यायला मदत केली. फाटकाला फक्त एक ओरखडा आला. अखेर गाडी निघाली, मी खिडकीतून हात बाहेर काढून जोरजोराने हलवला, सगळ्यांनी हलवले, वर गॅलरीत आईनेही हलवला. मला अगदी भरून आलं.

आणि कोपऱ्यावरचा सिग्नल लाल झाला.

हा सिग्नल आमच्या इमारतीसमोर, स्पष्ट दिसेल असा आहे. गाडी थांबली. आता निरोप तर देऊन झालेला, पण एकमेकांना दिसतोय म्हटल्यावर हात खाली कोणी घ्यायचा? तिकडून ते हलवत राहिले, इकडून मी हलवत राहिलो. माझा खांदा दुखायला लागला. काकूंनी हात बदलला. इतक्यात वर गॅलरीत आई कठड्यावरून वाकली आणि काहीतरी ओरडली.

"काय?" मी ओरडलो.

ती पुन्हा ओरडली. मध्ये ट्रक उभा होता, त्याच्या घरघरीत काही ऐकू येईना. ती हाताने मला खुणावत होती, ये, ये असं काहीतरी. तिला बरं वाटत नाही की काय? की आता, शेवटच्या क्षणी, जे इतके दिवस बोलली नाही ते बोलायचंय?

"थांबा," मी टॅक्सीवाल्याला म्हणालो आणि दार उघडून पळत सुटलो. गर्दीने वाट करून दिली. मी गॅलरीखाली जाऊन उभा राहिलो, धापा टाकत, मान वर करून. "काय झालं, आई?"

आईचे डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत होता. "हात आत घे!" ती म्हणाली. "एवढा मोठा झालास, अजून गाडीच्या बाहेर हात काढतोस. लागेल कुठेतरी."

अख्खी इमारत माझ्याकडे बघत होती. चाळिशी उलटलेला, परदेशात निघालेला गणिताचा शिक्षक.

"बरं," मी म्हणालो.

"आणि पळू नकोस. चालत जा."

मी चालत गेलो. सिग्नल सुटला होता, मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, टॅक्सीवाला वैतागला होता. मी आत बसलो, दार लावलं. मागे सगळे पुन्हा हात हलवायला लागले.

"बाबा, अरे, हात तरी हलव," लेक म्हणाली.

"नको," मी म्हणालो. आणि वळण येऊन गॅलरी दिसेनाशी होईपर्यंत, आणि त्यानंतरही बराच वेळ, दोन्ही हात मांडीवर ठेवून नीट बसून राहिलो.